ताठ मानेचा डाव

मानेच्या मणक्यांना क्षय होतो, हे मला तो झाल्यावर कळलं. तोवर क्षय म्हणजे छातीचा, खोकल्याचा आणि दुसऱ्याचा, एवढीच माझी माहिती. आता मी पुन्हा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कामाला जातो आणि ओळखीतलं कुणी प्लास्टरात पडलं की त्याच्या घरचे मला विचारायला येतात. काय खायला द्यावं, ताप कधी जाईल, माणूस उठेल का. याची उत्तरं डॉक्टरांनी द्यायची. मला जे सांगता येईल ते कुणी विचारत नाही. पडून असलेल्या माणसाला दुखण्याइतकाच धडधाकट माणसांचा हेवा छळतो, आणि त्यावर सुई निघालेली नाही. निदान तो एकट्यालाच वाटत नाही एवढं तरी कळावं, म्हणून हे लिहितोय.

तवा आणि गल

पूर्णा जंक्शनला लोको शेडच्या मागं गोल्फचं मैदान होतं. साहेब लोकांनी केलेलं. निजामाच्या गाड्या सरकारी झाल्या, जुने साहेब एकेक करून निघून गेले आणि मैदान आम्हा बाबू लोकांच्या हाती आलं. हिरवळीला पाणी कुठून आणायचं? म्हणून चेंडू शेवटी ज्या गोल जागेवर आणायचा तिथं वाळू पसरून तिच्यात शेडमधलं जळकं तेल कालवलेलं असे. काळी, गोल आणि उन्हात तापणारी जागा. तिला आम्ही तवा म्हणायचो. तव्याच्या मधोमध चेंडू घालायचा खळगा, ती गल, गोट्यांच्या खेळातल्यासारखी. साहेबांचे शब्द साहेबांबरोबर गेले होते.

खेळायची रीतही आम्ही सोयीनं बदलून घेतली होती. दोघांची जोडी आणि दोघांत एकच चेंडू. एकानं लांबून मारत तव्यापर्यंत आणायचा, दुसऱ्यानं गलीत घालायचा. एक मारणारा, एक घालणारा. गुड्स क्लार्क रघुनाथराव अंगानं पैलवान, तो मारणारा. मी घालणारा. दिवाळी झाली की नांदेडहून एक जोडी खेळायला यायची आणि हरून शेवटच्या पॅसेंजरनं परत जायची. पार्सल ऑफिसात माझ्यासारखे पुष्कळ होते. पण घालणारा महालिंग म्हटलं की इंजिन ड्रायव्हरसुद्धा थांबून रामराम करायचे. मला आयुष्यात एवढं एकच नीट जमत होतं, म्हणून ते मला कुणाला द्यायचं नव्हतं.

चेंडू गलीत सरकवायच्या काठीला पटर म्हणतात. पटर धरून गलीकडं खांदा करायचा, आडवं उभं राहायचं, मान वळवून गल बघायची, मग मान खाली घालून चेंडू बघायचा आणि हळूच ढकलायचा. सगळं कसब मानेत. एका संध्याकाळी मी असाच आडवा उभा राहिलो आणि मान वळेचना.

"काय रे, नव्या नवरीवानी लाजायलास?" रघुनाथराव म्हणाला. "बघ की गलीकडं."

मी अख्खा वळून बघितलं. त्या दिवशी चेंडू गलीच्या पलीकडं गेला.

उसण

सगळ्यांनी एकमुखानं सांगितलं, उसण भरली. गरम विटेनं शेकलं, एरंडाची पानं बांधली. काही उतरेना, तेव्हा माझी बायको गौरा वामनला घेऊन आली. वामन बुकिंग ऑफिसातला नवा क्लार्क, नुकतंच लग्न झालेला, केसांना भरपूर तेल लावणारा. तो पायाळू होता, म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आलेला. अशा माणसाचा पाय लागला की उसण उतरते, ही आमच्याकडची जुनी समजूत. गौरा राणीसावरगावची. तिच्या माहेरी तर शेजारच्या तीन गावांतले पायाळू लोक पाठ असायचे.

मी घोंगडीवर पालथा पडलो. वामननं पाय धुतले, माझ्या मानेला हळूच तळपाय लावला आणि बाजूला झाला. गौरानं चहा टाकला होता. तो त्यानं घेतला नाही. पायाळूनं या कामाचं काही घ्यायचं नसतं, घेतलं तर गुण येत नाही.

"पोराचा पाय लय हलका हाय," तो गेल्यावर गौरा म्हणाली.

गुण आला असं मला दोन दिवस वाटलं. मग संध्याकाळचा ताप यायला लागला. उजव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली. पार्सलवर शिक्का मारताना शिक्काच हातातून पडायचा. सदरा खांद्यावरून उतरायला लागला, तेव्हा रेल्वेच्या डॉक्टरांनी सिकंदराबादेला पाठवलं.

फोटोचा दिवस

तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी मानेचा फोटो काढला आणि खिडकीच्या उजेडात धरून आम्हाला दाखवला. मला त्यात पाण्यात पडलेल्या सावलीसारखं काहीतरी दिसलं. डॉक्टर तेलुगू मुलखातले, आमच्याशी उर्दूत बोलायचे. दोन मणके किडले आहेत असं त्यांनी सांगितलं, आणि मग विचारलं, मान कुणी चोळली का, मोडली का, ओढली का?

"न्हाई साहेब," गौरा म्हणाली. "नुसता पाय लावला."

डॉक्टरांनी फोटो खाली ठेवला. "कुणाचा पाय?"

"पायाळूचा."

त्यांनी फोटो पुन्हा उचलून उजेडात धरला. मग म्हणाले, त्या माणसानं जोर दिला असता तर तुमचे हातपाय गेले असते. देवाचे आभार माना. गौराचा चेहरा पांढराफटक पडला. मी विचारलं, "मला पुन्हा खेळता येईल का?" त्यांना वाटलं पत्ते. म्हणाले, "जरूर, पडल्या पडल्यासुद्धा."

बाहेरच्या बाकावर आम्ही बसलो. गौरा पदरात तोंड घालून रडत होती. समोर एक हमाल भिंतीला टेकून उभा होता. त्याला कुणीतरी हाक मारली, त्यानं मान डावीकडं वळवली, बिडी मागितली, मग उजवीकडं वळवून काडी मागितली. इतक्या सहज, जशी काही मान फुकट मिळते. मृत्यूची भीती मला नंतर वाटली. त्या बाकावर मला फक्त त्या हमालाचा राग आला.

दुसऱ्या दिवशी हनुवटीपासून कमरेपर्यंत प्लास्टर घातलं. आम्ही लिंगायत. माझ्या गळ्यात लहानपणापासून इष्टलिंग. प्लास्टर घालणारा म्हणाला, गळ्यात काही ठेवता येणार नाही. मी हट्ट धरला, तो कातावला. शेवटी गौरानं ते सोडवून माझ्या दंडाला बांधलं आणि गाठ पुन्हा पुन्हा ओढून बघितली. ते दंडावर आहे ना, हे पुढं कित्येक दिवस मी हातानं चाचपून बघायचो.

उताणा

वॉर्डात दिवस उजाडायच्या आधी सुई यायची. मग तोंड धुणं, म्हणजे दुसऱ्यानं धुणं. मग पेज, डॉक्टरांची फेरी, दुपारची झोप, भेटीला येणाऱ्यांची वेळ, पुन्हा सुई. मी उताणा. मला दिसायचं ते छत. एका नर्सबाईंना दया आली आणि त्यांनी पलंगाच्या दांडीला हातातला आरसा तिरपा बांधून दिला. त्यात मला वॉर्ड दिसायला लागला. उपकार मोठे, पण हेव्याचं दुकानही तिथूनच उघडलं.

शेजारच्या खाटेवर किसन नावाचा फायरमन होता, गंगाखेडचा. पाय मोडलेला. त्याला उठून बसता यायचं, स्वतःच्या हातानं भात खाता यायचा, कूस बदलता यायची. त्याची आई डबा घेऊन यायची आणि मलाही विचारायची, "भाऊ, लोणचं देऊ का रं?" इतकी भली बाई. मी हो म्हणायचो, लोणचं खायचो, आणि तिचा पोरगा कुशीवर वळला की डोळे मिटून घ्यायचो. त्याचा पाय जुळून आला आणि तो कुबड्या घेऊन निघाला, तेव्हा सगळ्या वॉर्डानं त्याला निरोप दिला. मी झोपेचं सोंग घेतलं.

डॉक्टरांच्या खोलीत एक टेबलावरचा पंखा होता. दार उघडं असलं की आरशात दिसायचा. तो गरगरत डावीकडून उजवीकडं मान फिरवायचा, पुन्हा उजवीकडून डावीकडं. मला त्या पंख्याचाही हेवा वाटायचा. हे कुणाला सांगितलं असतं तर डोक्यावर परिणाम झाला म्हणाले असते, म्हणून सांगितलं नाही.

प्लास्टरात असलेल्यांना माझं एवढंच सांगणं आहे: वाटू द्या. त्यानं ताप वाढत नाही, मी चार्टवर लक्ष ठेवून होतो. मन मोठं करा, देवाचं नाव घ्या, असं भेटीला येणारे सांगतात आणि उठून चालत घरी जातात. देवाचं नाव मी घेत होतोच. लिंग तळहातावर घेऊन डोळ्यांसमोर धरायचो आणि सरळ त्याच्याकडं बघत राहायचो, कारण दुसरीकडं बघायची सोय नव्हती. तेवढा वेळ कुणाचा हेवा वाटायचा नाही. हात खाली आला की पुन्हा सुरू.

पटर कुणाकडं

गौरा पोरांना जावेकडं ताडकळसला ठेवून, पास काढून भेटीला यायची. उन्हानं काळवंडलेली, टाचा फुटलेल्या. पूर्णेत क्वार्टरच्या शेजारणींनी येणं-जाणं थांबवलं होतं. ते ती सांगायची नाही. नळावर आता लवकर नंबर लागतो, एवढंच सांगायची.

एकदा तिच्या आधी रघुनाथराव आला. मोसंबी आणली, खाटेच्या कडेला बसला, खाली बघत बोलत राहिला. मी विचारलं, सामन्याचं काय?

"वामन घालतो आता," तो म्हणाला. "बरा घालतो. तुझ्याएवढा न्हाई."

"कुठल्या पटरनं?"

"तुझ्याच. वहिनींनी दिला."

मला उठून बसता आलं असतं तर मी उठून बसलो असतो. वामन माझ्या जागेवर उभा, वामनच्या हातात माझा पटर, आणि वामनला मान वळवता येते. मोसंबी मी नर्सबाईंना देऊन टाकली.

पुढच्या वेळी गौरा आली तेव्हा मी तिला बसूही दिलं नाही.

"माझी काठी त्याला कशाला दिलीस?"

"त्यानं पाय लावला, चहासुद्धा घेतला न्हाई. काहीतरी द्यावं वाटलं माणसाला. अन् काठी दारामागं गंजायली होती."

"ती माझी होती."

"तुमी इथं, काठी तिथं. तिनं काय करावं?"

"ज्यानं माझ्या मानेवर पाय ठेवला त्याच्याच हातात नेऊन दिलीस. त्यो मला मारूनच टाकत होता."

"पाय मी ठेवायला लावला," ती म्हणाली. "त्याच्यावर काहून चिडताव? माझ्यावर चिडा."

मी छताकडं बघत होतो, ती कुठं बघत होती ते आरशात दिसत नव्हतं. थोड्या वेळानं तिनं पिशवीतून विणायची लांब सुई काढली, प्लास्टर आणि पाठीच्या मधल्या फटीत घातली आणि खाजवायला लागली. प्लास्टरातल्या माणसाला आतून किती खाज सुटते हे त्यालाच माहीत. मी तिला सांगितलंही नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते कानात जात होतं.

"जरा डावीकडं," मी म्हणालो.

पण काठीचं मी विसरलो नाही.

मणक्यांचं विलीनीकरण

नव्या सुयांनी ताप गेला. करवतीनं प्लास्टर कापलं, पुन्हा फोटो काढला, आणि डॉक्टर हसले. म्हणाले, "तुमच्या दोन मणक्यांचं विलीनीकरण झालं. आता ते वेगळे होणार नाहीत." निजामाचं संस्थान नुकतंच भारतात विलीन झालं होतं, त्यामुळं हैदराबादेत हा विनोद सगळ्यांना समजायचा. हाड जुळलं, रोग संपला, मान मात्र जिथं होती तिथंच कायमची राहिली. ती वळणार नाही, खाली जाणार नाही. बाजूला बघायचं असेल तर पायांपासून वळायचं. लांब काठी फिरवून मारायचं नाव काढायचं नाही.

"ढकलायला हरकत नाही ना?" मी विचारलं.

"काय ढकलायला?" ते म्हणाले. मी सांगत बसलो नाही.

घरी आलो. गौराची ताडकळसची जाऊ पोरांना पोचवायला आली होती, तिनं माझं ताट-वाटी वेगळी मांडली. हा रोग असा पसरत नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, पण तिला वाचता येत नव्हतं आणि वाचता आलं असतं तरी फरक पडला नसता. गौरानं काही वाद घातला नाही. स्वतःची भाकरी माझ्या ताटात ठेवली आणि समोर बसून तिथंच कालवून खाल्ली.

ऑफिसात मला नंदीबैल म्हणायला लागले. चूक होतं. नंदीबैल निदान मान तरी डोलावतो. साहेबांनी काही सांगितलं की मला तोंडानं "होय साहेब" म्हणावं लागायचं, आणि त्यांना ते उद्धटपणाचं वाटायचं.

संध्याकाळी मी मैदानाच्या कडेला जाऊन उभा राहायचो. वामन माझ्या पटरनं घालायचा. आडवा उभा राहायचा, मान वळवायचा, मान खाली घालायचा. पाच-सहादा वळवायचा. मला वाटायचं, एवढ्या वेळा कशाला वळवतोस, एकदा मला दे. चेंडू ढकलल्यावर लगेच मान वर करून बघायची त्याची खोड होती. त्यानं कधी चेंडू बाहेर जायचा, कधी आत. बाहेर गेला की मला रात्रीचं जेवण गोड लागायचं.

तिनं ढकललेला चेंडू

घरी एक जुना मोडका पटर पडला होता. त्याचं लोखंड शाबूत, दांडा तुटलेला. तो घेऊन मी अंगणात आडवा उभा राहिलो. सारवलेल्या जमिनीवर तांब्या आडवा ठेवला होता, ती गल. चेंडू बघायला गेलो तर तांब्या दिसेना, तांब्याकडं वळलो तर चेंडू मागं राहिला. कमरेतून वाकलो, गुडघ्यातून वाकलो, तिरका झालो. पोरं हसायला लागली. मी काठी भिंतीवर फेकली.

गौरा शेण घेऊन येत होती. तिनं बादली ठेवली, हात धुतले, काठी उचलली. आत ठेवायला म्हणून निघाली असेल, पण वाटेत चेंडू होता. ती तांब्याकडं तोंड करून, केर काढायला उभी राहते तशी उभी राहिली आणि पुढच्या पुढं चेंडू ढकलला. तो सरळ जाऊन तांब्यात खण्णकन वाजला.

"एवढंच ना?" ती म्हणाली.

"असं नसतं ते. आडवं उभं राहावं लागतं."

"काहून? जिकडं धाडायचं तिकडं तोंड नको का?"

तिनं आणखी एकदा ढकलला. पुन्हा आत. हेव्याला माझ्याकडं जागा कमी पडायला लागली होती, तरी हा मावला. मी वर्षानुवर्षं आडवा उभा राहून जे शिकलो ते हिला शेणाच्या हातानं आलं, आणि हिची मानही वळते. मी म्हणालो, "आण इकडं." ती हसली आणि काठी दिली. त्या वेळचं तिचं हसणं मला अजून आवडत नाही.

पण मी तसा उभा राहिलो. गलीकडं तोंड, चेंडू उजव्या पायाच्या थोडा पुढं. चेंडू आणि तांब्या दोन्ही एका नजरेत आले, मान जागची न हलता. दांडा आखूड होता, म्हणून वाकावं लागत होतं. गौरानं दुसऱ्या दिवशी शेडमधल्या सुताराकडून त्याला छातीएवढा लांब वेळूचा दांडा बसवून आणला. डावा हात वर, उजवा हात खाली, आणि घड्याळाच्या लंबकासारखं पुढं सोडायचं. पहिल्या आठवड्यात तांब्याला पोचे आले. नंतर आवाज फक्त आतून यायला लागला.

तव्यावर

मी रघुनाथरावाला सांगितलं, मला माझी जागा परत पाहिजे. त्यानं अंगणात येऊन माझं उभं राहणं बघितलं आणि पोट धरून हसला.

"हे गोल्फ न्हाई महालिंगा, झाडलोट हाय. नांदेडवाले काय म्हणतील?"

"नियमात कुठं लिहिलंय असं उभं राहू नये?"

नियमांचं पुस्तक साहेबांच्या कपाटात होतं आणि कपाटाला वाळवी लागलेली होती. त्यामुळं कुणालाच काही सांगता येईना. रघुनाथराव भला माणूस, त्याला मला नाहीही म्हणवत नव्हतं आणि वामनला सोडवतही नव्हतं. वामन त्याच्याजवळ उभा होता, माझा पटर बगलेत धरून. शेवटी ठरलं: रविवारी सकाळी शेवटच्या तव्यावर दोघांनी घालायचं. रघुनाथराव चेंडू आणून देईल, ठेवेल तिथून. जो जास्त घालेल तो नांदेडवाल्यांशी खेळेल. हरलो तर मी मैदानाकडं फिरकणार नाही, असं मी मनाशी ठरवलं होतं. बघत उभं राहणं मला आता झेपत नव्हतं.

सुट्टीचा दिवस, त्यामुळं निम्मी कॉलनी आली. दोन-चार ड्रायव्हर, गार्ड, त्यांची पोरं. गौरा बायकांत उभी होती. मी तव्यावर उभा राहिलो तसा मागून कुणीतरी बैलाचा आवाज काढला. मला मागं वळून बघता येत नव्हतं, हे बरंच झालं म्हणायचं.

वामन आधी. आडवा उभा राहिला, मान वळवली, खाली घातली, वळवली, ढकलला. आत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी गलीकडं तोंड करून उभा राहिलो. हसू ऐकू येत होतं. उजव्या हाताच्या बोटांत अजून थोडा बधिरपणा होता, त्यामुळं काठी आहे की नाही ते नीट कळत नव्हतं. मी चेंडू ढकलला. आत. मग रघुनाथराव चेंडू दूर दूर ठेवत गेला. वामनचा एक गलीच्या काठावर थांबला, माझा एक पार तव्याच्या कडेला गेला. दोघं बरोबरीत आलो तेव्हा हसणं बंद झालं होतं.

शेवटचा चेंडू तव्याच्या अगदी टोकाला होता. मध्ये जळक्या तेलाची एक घसरट चकाकी. वामन उभा राहिला. त्यानं कितीतरी वेळा मान वळवली. शेवटी ढकलला, आणि ढकलता ढकलताच मान वर उचलली, कुठं जातोय ते बघायला. चेंडू चकाकीवरून घसरून बाजूनं निघून गेला.

माझी पाळी. मला एकाच वेळी गल, चेंडू आणि मधली वाट दिसत होती. ती वाट बघत मी पुष्कळ वेळ उभा राहिलो असेन, कारण रघुनाथराव खाकरला. मी काठी सोडली. चेंडू चालत चालत गेला, चकाकीवर थोडा कललासा वाटला, आणि गलीत पडला.

गोंगाट झाला. रघुनाथराव धावत आला आणि मिठी मारायला हात पसरून थांबला, माझ्या मानेकडं बघून. मग त्यानं माझे दोन्ही खांदे धरले. "उद्यापासून ये," तो म्हणाला. "लवकर ये. ऊन व्हायच्या आत."

वामन माझा पटर पुढं करून उभा होता. मी हातात घेतला. इतके महिने ज्याच्यावर जीव टांगला होता तो आता आखूड झाला होता, माझ्या काही कामाचा नव्हता. "तूच ठेव," मी म्हणालो. त्यानं तो परत बगलेत धरला आणि गलीकडं बघत पुटपुटला,

"तुमचं बरंय. तुमाला मान उचलायची सोयच न्हाई."

टोमणा असेल असं मला वाटलं. तोंड बघितल्याशिवाय कळणार नव्हतं, म्हणून मी पायांपासून वळलो, अख्खा, त्याच्यासमोर येईपर्यंत. तो टोमणा नव्हता. त्याचे डोळे माझ्या मानेवर खिळले होते, त्या ताठ, निरुपयोगी, विलीन झालेल्या मानेवर. ओठ आत ओढलेले, गाल पडलेले. तो चेहरा मी जन्मात विसरणार नव्हतो. धडधाकट माणसांकडं बघताना महिनोन्महिने तो मी आतून घालून होतो.

"काय म्हणालास?" मी विचारलं.

"काय न्हाई."

"म्हण की."

"तुमचं बरंय, म्हणालो," तो जरा चिडून म्हणाला.

डॉक्टरांनी फोटो दाखवून सांगितलं होतं, गौरानं अंगारा लावून सांगितलं होतं, ऑफिसात साहेबांनी कागदावर सही करून सांगितलं होतं. त्यातलं काहीच मला पटलं नव्हतं. बायकांच्या घोळक्यातून गौरा माझ्याकडं येत होती. ती जवळ येईपर्यंत मी थांबलो आणि तिला सांगितलं की मी बरा झालो.